जिराफाची माया

शिंप्यांच्या धंद्यात 'माया' हा शब्द टेप लावून वापरतात. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवायचं, ती माया. पुढेमागे माणूस सुटला तर शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची आणि नव्याने टीप मारायची. पॅन्ट तीच, माणूस तोच, फक्त दोघेही जरा मोकळे. खडकी बाजारातले 'हेंद्रे टेलर्स' म्हणजे महिपतराव हेंद्रे या मायेसाठी प्रसिद्ध होते. बाकीचे शिंपी बोटभर माया ठेवत, महिपतराव दोन बोटं ठेवत. गिऱ्हाइकाचं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर गेलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि म्हणताना समोरच्या शिंप्याच्या दुकानात टांगलेल्या कापडी पिशव्यांकडे सहज बघत.

दारूगोळा कारखान्यातल्या रंगरावांनी लग्नाच्या वर्षी शिवून घेतलेली राखाडी पॅन्ट निवृत्तीच्या समारंभाला घातली होती, हे अख्ख्या खडकीला माहीत होतं, कारण ते महिपतरावांनीच सांगितलं होतं. मधल्या काळात रंगरावांना बढत्या दोनच मिळाल्या, पोट मात्र दर दिवाळीला नियमाने पुढे सरकत राहिलं. दिवाळी झाली की रंगराव दुकानाच्या पायरीवर येऊन नुसते उभे राहत. महिपतराव मशीनवरून मान वर न करता म्हणत, "काढून ठेवा, आहे अजून."

पुढे ताणणाऱ्या कापडाच्या पॅन्टी आल्या. पोट वाढलं की पॅन्ट आपली आपण वाढायला लागली, तिथे शिंप्याला कोण विचारतो? करोनाने उरलेलं काम संपवलं. दुकान बंद झालं आणि महिपतराव, त्यांच्या पत्नी मुक्ताई आणि एक पायमशीन असे तिघे कोथरूडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा आनंद सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये चढायचा आणि रात्री तिच्यातून उतरायचा. मधल्या वेळात तो नोकरी करत असावा, असा घरच्यांचा अंदाज होता. पायमशीन गॅलरीत गेलं. महिपतराव त्याला तेल घालत, पुसत, आणि तिथेच खुर्ची टाकून खाली पार्किंगमधल्या स्कूटर मोजल्यासारखं करत. एकदा त्यांनी आनंदची तयार पॅन्ट उलटी करून आतून पाहिली. आत माया नव्हती. सूतभरसुद्धा नव्हती. त्यांनी ती घाईघाईने सुलटी करून घडी घातली, जणू कोणाचं तरी उघडं अंग चुकून दिसलं होतं.

मुक्ताईंचं तसं झालं नाही. दुकान होतं तोवर हुक, काजबटणं, कच्चे टाके हे सगळं त्या घरी बसून करायच्या. पाटीवर त्यांचं नाव नव्हतं आणि त्यामुळे पाटी उतरली तेव्हा त्यांचं काही उतरलं नाही. कोथरूडला आल्या आणि महिन्याभरात सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या गोधडी मंडळात जाऊ लागल्या. मंडळ चालवायची सृष्टी नावाची मुलगी. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, निम्मा आठवडा घरूनच काम करायची, आणि परदेशातल्या बायकांचे व्हिडिओ बघून तुकडे जोडायची विद्या शिकली होती. या गोधडीत जुन्या साड्यांवर सरळ धावदोरा घालायचा नसतो. रंगीत तुकडे असे जोडायचे की चौकोनात एक प्राणी उभा राहतो. चौकोनाला ब्लॉक म्हणतात. मंडळाने बारा प्राण्यांची गोधडी करून सोसायटीच्या मुलांच्या वाचनालयात भिंतीवर लावायची ठरवली होती. मुक्ताईंच्या वाट्याला हत्ती आला होता आणि तो सगळ्यांत आधी पास झाला होता.

जेवताना हत्तीचं कौतुक दोनदा झालं, तेव्हा महिपतराव म्हणाले की चिंध्या जोडायला मंडळ कशाला लागतं.

मुक्ताई भात वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "मग जोडून दाखवा. जिराफ रिकामा आहे."

जिराफ रिकामा होता हे खरं होतं. ज्या बाईंकडे तो होता त्या मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या आणि जिराफ अनाथ झाला. त्याला कोणी घेत नव्हतं, कारण त्याच्या मानेतच बाकीच्यांच्या अख्ख्या प्राण्याइतके तुकडे होते. रविवारी सगळे ब्लॉक जोडायचे होते. तोवर जिराफ आला नाही, तर त्याच्या जागी साधा पिवळा चौकोन लावू, असं सृष्टीने सांगून टाकलं होतं. जागा हत्तीच्या शेजारची होती.

महिपतरावांनी जिराफ घेतला. दुकान बंद झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी काही शिवायला दिलं नव्हतं, आणि हे तर दिलंसुद्धा नव्हतं, ताटात वाढलं होतं. पण आता घेतलं म्हटल्यावर मागे फिरायची सोय उरली नाही. मुलांच्या वाचनालयात, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बायकोच्या हत्तीशेजारी पिवळा चौकोन लागला असता आणि बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं की इथे हेंद्रे टेलर्स अडले.

सृष्टीने रीत समजावली. कागदावर जिराफाचं चित्र छापलेलं, त्याच्या तुकड्यांना आकडे. कागदाच्या पाठीला कापड ठेवायचं, कागदावरच्या रेघेवर टीप मारायची, शिवणीबाहेर पाव इंच कापड ठेवून बाकीचं छाटायचं, पुढचा तुकडा लावायचा, आणि शेवटी पाठचा कागद फाडून काढायचा. कागदावर सुई चालवायची हे ऐकूनच महिपतरावांना कसंतरी झालं. कागदाने धार जाते, म्हणून दुकानातल्या कात्रीने कागद कापणाऱ्या पोराला त्यांनी एकदा घरी पाठवलं होतं. पण त्यांनी मनाची तयारी केली, एक जुनी सुई या पापासाठी वेगळी काढली आणि सांगितलं तसं सगळं केलं. एकच गोष्ट केली नाही. छाटलं नाही.

समोरून जिराफ सुरेख झाला. रेघा अशा सरळ की फूटपट्टीने लाजावं. मागून मात्र प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया, तिच्यावर पुढची माया, तिच्यावर आणखी. समोरून जिराफ आणि मागून उशी.

सृष्टीने ब्लॉक हातात घेतला, उलटला, पुन्हा सुलटा केला. "काका, स्टिचिंग सुपर आहे. एकदम क्लीन. पण बॅकला खूप बल्क येतोय. एक्स्ट्रा ट्रिम नाही केलंत का?"

"एक्स्ट्रा नाही ती. माया आहे."

"हो, तीच. ती कट करायची."

पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झालेल्या शालनताई शेजारी सशाचा कान जोडत होत्या. पोस्टात असताना वजन न करता पाकीट जड आहे की हलकं हे त्या सांगायच्या. त्यांनी जिराफ हातात घेऊन तोलला आणि विचारलं, "हेंद्रे, पोटुशी आहे का हो ही?"

मंडळ हसलं. मुक्ताई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या हत्तीच्या सोंडेवर अचानक फार बारकाईने इस्त्री फिरवायला घेतली.

घरी आल्यावर महिपतरावांनी आनंदला, सूनबाईंना आणि दूधवाल्यालाही सांगितलं की पाव इंच म्हणजे फसवणूक आहे. दोन धुण्यांत उसवेल. मुक्ताई म्हणाल्या की ती भिंतीवर लावायची आहे, भिंत कोण धुतं? त्यावर महिपतरावांनी मशीनला तेल घातलं.

दुसऱ्या जिराफाला त्यांनी तडजोड केली. अर्धा इंच ठेवला. पण अर्ध्या इंचावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून प्रत्येक शिवण दुहेरी मारली, आणि दुहेरीवरही बसेना, म्हणून काठांना हाताने टाके घातले. सगळी मान झाल्यावर ब्लॉक उभा धरला तेव्हा जिराफाच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा लावल्यासारखा दिसत होता. शिवाय इतक्या टिपांतून खालचा कागद निघेना. चिमट्याने ओढला तर कापडच गोळा व्हायला लागलं. हा जिराफ त्यांनी सृष्टीला दाखवलाच नाही. मंडळासमोर पुन्हा शालनताईंच्या हातात तोलून घ्यायला लागू नये म्हणून तो त्यांनी आपल्या कपाटात, स्वेटरखाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी तिसऱ्यांदा कागद घेतला. पहिली शिवण मारली. कात्री उचलली, कापडाजवळ नेली आणि तिथेच धरून बसले. मुक्ताई समोर स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होत्या. बऱ्याच काड्या निवडून झाल्या तरी कात्री होती तिथेच.

"अडलंय कुठे?" मुक्ताईंनी विचारलं.

"कापवत नाही."

"का?"

"उद्या लागली तर आणायची कुठून?"

"कुणाला लागली तर? जिराफाला?" मुक्ताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, कापडाचा जिराफ आहे तो. तो काही चकल्या खाणार नाही. दिवाळी झाली की पायरीवर येऊन उभा राहणार नाही."

महिपतराव कापडाकडेच बघत म्हणाले, "माया ठेवली की माणूस परत येतो. बाबा सांगायचे. शिंप्याने सगळं कापून टाकलं तर त्याच्याकडे परत येईल कशाला?"

मुक्ताईंनी यावर लगेच काही टोला मारला नाही, आणि त्यांच्या संसारात हे क्वचितच घडायचं. त्या म्हणाल्या, "हा यायचा नाही परत. भिंतीवर जाणार, तिथेच राहणार. एकदाच काय ते नीट जाऊ दे."

महिपतरावांनी कागद मागे दुमडला, शिवणीपासून पाव इंचावर खडूने रेघ मारली आणि कापलं. पहिली पट्टी वाकडी कापली, असं मुक्ताई नंतर सांगायच्या. महिपतराव म्हणायचे की कात्रीला धार नव्हती. कापलेली पट्टी खाली पडली ती त्यांनी उचलून खिशात घातली. दुसरी पण घातली. तिसरीपासून पट्ट्या गॅलरीभर पडू लागल्या आणि वाऱ्याने स्वयंपाकघराकडे उडून मेथीत मिसळू लागल्या, तेव्हा मुक्ताईंनी ताट उचललं आणि दार लावून घेतलं.

मान तुकड्यातुकड्याने वर जात होती. पाव इंच ठेवून शिवण सांभाळायची म्हणजे कापड हातात धरायलाच जागा नसते. नखाने धरावं लागतं. पिवळ्या तुकड्याला चॉकलेटी, चॉकलेटीला पुन्हा पिवळा. टीप, दुमड, रेघ, काप. चहा आला तो त्यांनी मशीनवर ठेवू दिला नाही. संध्याकाळी आनंदने फोनवरून विचारलं की बाबा काय करताहेत, तर मुक्ताईंनी सांगितलं की छाटताहेत, मधे बोलू नकोस. शनिवारी जिराफाला डोकं आलं, शिंगं आली, एक कान जरा मोठा वाटला म्हणून उतरवून पुन्हा बसवला. रात्रीच्या जेवणापर्यंत मान आणि धड वेगवेगळी असली तरी तयार होती. उरली होती ती दोघांना जोडणारी एक शिवण. ती महिपतरावांनी रविवारी सकाळी आंघोळ करून मारली.

क्लबहाउसमध्ये अकरा प्राणी टेबलावर मांडून झाले होते आणि हत्तीशेजारी पिवळा चौकोन तयार ठेवलेला होता. हॉल बारानंतर कोणाच्यातरी पहिल्या वाढदिवसाला दिला होता. फुगेवाला हवेचा पंप घेऊन दारात येऊन उभा राहिला होता आणि आत केव्हा येऊ, असं दर थोड्या वेळाने डोळ्यांनी विचारत होता.

सृष्टीने आपली पारदर्शक पट्टी जिराफावर ठेवली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. उलटा केला, पाठ घडी घातलेल्या रुमालासारखी सपाट. शालनताईंनी हात पुढे केला, जिराफ तोलला आणि परत दिला. म्हणजे वजन साध्या पाकिटाचंच भरलं होतं.

मग सृष्टीचं बोट मानेच्या मुळाशी थांबलं. मान आणि धड जिथे जोडलं होतं तिथे पिवळ्याची रेघ पिवळ्याला भिडत नव्हती. एक सूत बाजूला सरकली होती. सृष्टीने घड्याळ पाहिलं, फुगेवाल्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "चालेल काका. एवढं कोणाला दिसणार नाही."

हे वाक्य महिपतरावांच्या ओळखीचं होतं. खिसा जरा खाली गेला, कॉलर जरा तिरकी बसली, की ते गिऱ्हाइकाला हेच सांगत आले होते, अगदी याच आवाजात. आयुष्यात पहिल्यांदाच ते टेबलाच्या अलीकडे उभं राहून ते ऐकत होते, आणि त्या सगळ्या गिऱ्हाइकांबद्दल त्यांना एकदम वाईट वाटलं.

"मला दिसतंय," ते म्हणाले आणि ब्लेड मागितलं.

सृष्टीने समजावलं की पुन्हा उसवलं तर कापडाचे दोरे सुटतील, पाव इंचात दुसऱ्यांदा शिवण पकडणं अवघड आहे, आणि बिघडलं तर पिवळा चौकोन लावावा लागेल. ती खोटं काहीच सांगत नव्हती. महिपतराव बसले, ब्लेडने एकेक टाका कापू लागले. शिवण उघडली तसे कडेचे दोरे सुटायला लागले. पाव इंचातला थोडा भाग दोऱ्यांनीच खाल्ला. अशा वेळी दुकानात त्यांनी काय केलं असतं? माया थोडी आत घेतली असती, थोडी बाहेर सोडली असती, चूक तिच्या पोटात घातली असती आणि शिट्टी वाजवत इस्त्रीला दिली असती. माया गिऱ्हाइकाच्या पोटासाठी असते, असं ते जन्मभर सांगत आले होते. तिच्यात शिंप्याच्याही बऱ्याच चुका झाकल्या जात होत्या, हे आज कळत होतं, आणि कळत होतं तेव्हा नेमकी ती हाताशी नव्हती.

एका कोपऱ्यावर दोरे इतके सुटले की मंडळातल्या दोघीतिघींनी तिकडे बघायचंच सोडलं. कोणीतरी पिवळा चौकोन हळूच टेबलाच्या कडेला, हाताशी येईल असा सरकवला. महिपतरावांनी तो पाहिला आणि परत होता तिथे ढकलून दिला.

मुक्ताईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. न विचारता त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला, मानेची रेघ धडाच्या रेघेवर आणली, टाचणी उभी खुपसून दोन्ही कापडांच्या आरपार नेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना कच्चे टाके घातले, मुंगीच्या पावलांएवढे. दुकान होतं तेव्हा अवघड कॉलरला दोघे असंच करत. फक्त तेव्हा त्या घरी असत आणि ते दुकानात, मधे कापड घेऊन जाणारा कोणीतरी.

"आता मारा," त्या म्हणाल्या. "आणि पायाने नको, पळेल."

सृष्टीचं मशीन विजेचं होतं. महिपतरावांनी त्याच्या पायपट्टीवरून पाय काढून घेतला आणि बाजूचं चाक हाताने फिरवायला सुरुवात केली. सुई वर गेली, खाली आली. एक टाका. पुन्हा चाक. सुटलेल्या कोपऱ्याशी आल्यावर त्यांनी श्वास धरला की नाही हे माहीत नाही, पण मंडळाने धरला होता. तिथे शिवण पकडायला कापड म्हणून जे उरलं होतं ते दोऱ्यापेक्षा फार जास्त नव्हतं. चाक अर्धं फिरलं, थांबलं, त्यांनी नखाने कापड किंचित आत लोटलं, चाक पुन्हा फिरलं. कोपरा गेला. पुढचे टाके सोपे होते, तरीही ते त्यांनी हातानेच मारले. घाई करायची सवय आज मोडायचीच असं काहीतरी त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मुक्ताईंनी कच्चा दोरा ओढून काढला. ब्लॉक उघडला. पिवळ्याची रेघ पिवळ्याला अशी मिळाली होती की मान कुठे संपते आणि धड कुठे सुरू होतं ते बोट फिरवून शोधावं लागलं. सृष्टीने पट्टी ठेवलीच नाही. तिने पिवळा चौकोन उचलून आपल्या पिशवीत टाकला आणि जिराफ हत्तीच्या शेजारी ठेवला. आता पहिली ओळ जोडायला घेऊ, असं ती म्हणाली, आणि हत्ती-जिराफामधली शिवण काकांनीच मारावी, असंही म्हणाली. ती त्यांनी मारली. मग पुढचीही मारली. एकदा मशीनवर बसल्यावर त्यांना उठवणं कोणाला सुचलं नाही, आणि चारही ओळी होईपर्यंत फुगेवाला निम्म्या हॉलमध्ये फुगे लावून मोकळा झाला होता.

गोधडीचा वरचा पदर तयार झाला तसा दोघींनी तो टोकांनी धरून उभा केला. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी समोरून फोटो काढले. महिपतराव मात्र मागच्या बाजूला गेले. तिथून ते एकेक शिवण बोटाने चाचपत चालले. हत्ती झाला, जिराफ झाला, घुबड झालं. शालनताईंच्या सशापाशी थांबले. वाकून पाहिलं, खिशातून टेप काढली, लावली.

"शालनताई," ते मागूनच म्हणाले, "इथे पाव इंचापेक्षा जास्त आहे."

शालनताईंनी चष्मा चढवला, मागे गेल्या, पाहिलं, आणि पोस्टात खोटा पत्ता लिहिलेलं पाकीट परत करावं तशा चेहऱ्याने ब्लेडसाठी हात पुढे केला. मुक्ताईंनी खांद्याला अडकवलेली पर्स पुन्हा टेबलावर ठेवली आणि उरलेल्या निम्म्या हॉलसाठी थांबलेल्या फुगेवाल्याला बसायला खुर्ची दिली.